उनाड तुकडे

९ जानेवारी

ताई,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदम आपटतो. म्हणून पत्र. निदान वाचून होईपर्यंत तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

काम आहे. तुझ्या मांडीचा तुकडा हवाय. घाबरू नकोस, तांदळाच्या दाण्याएवढाच. जागा बधिर करतात आणि जाडशा सुईने काढून घेतात. दोन दिवस ठणकेल, बस.

कशाला, ते सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत वारशाची जी लांबच लांब लिपी असते, तिचा जवळजवळ निम्मा भाग उपऱ्या तुकड्यांचा आहे. हे तुकडे कधीकाळी स्वतःची नक्कल काढायचे आणि लिपीत भलतीकडेच जाऊन घुसायचे. आता बहुतेक मोडून पडलेत, पण काही अजून धडधाकट आहेत. आम्ही त्यांना उनाड म्हणतो. तरुणपणी पेशी त्यांना गच्च बांधून ठेवते. वय झालं की गाठी सैलावतात आणि उनाड जागे होतात. मग पेशीला वाटतं घरात चोर शिरलाय, आणि ती आतल्या आत धुमसत राहते. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंत हा गलका वाढलेला आम्ही पाहिलाय. आता माणसांत बघायचंय, तेही जुळ्यांच्या जोड्यांत. एकजण बैठ्या कामाचा, दुसरा अंगमेहनतीचा. आपल्यासारखी जोडी शोधून सापडणार नाही. लिपी एकच, आणि दोघींची साठी उलटलेली.

नळ्यांवर नावं नसतात, नुसत्या खुणा असतात. कुठली नळी कुणाची, हे एका सहकाऱ्यालाच माहीत असतं. त्याच्या तोंडून काही बाहेर पडत नाही, म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणतात.

खरं सांगू? मला उत्सुकता आहे. मी मोजून खाते, वेळेवर झोपते, घरात चालायचं यंत्र आहे. तू मात्र जन्मभर स्वतःला रंगाच्या डब्यासारखी आपटत आलीस. बघू या आत काय झालंय ते.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

‘काम आहे’ एवढं वाचलं आणि पुढचं न वाचताच कळलं. काम नसताना तू मला शेवटचं कधी लिहिलं होतंस, आठवून सांग.

देईन तुकडा. पण आधी तुझी मांडी, माझ्या डोळ्यांदेखत. पाव तासाने का होईना मी मोठी आहे, हा हुकूम समज.

आणि मला काय डब्यासारखी म्हणतेस? ऐक. इथल्या जुन्या सभागृहाच्या घुमटाचं काम मला मिळालंय. परांचीवर उताणं पडून जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, अस्तर लावायचं, वर फिका निळा आणि कडेने सोनेरी पट्टी. शहरात घरं रंगवणारे पुष्कळ, पण घुमट बघितला की सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. एक वाकड्या तेवढा मागे लागला होता. मान वाकडी करून चालतो म्हणून वाकड्या. माझ्याएवढीच वर्षं या धंद्यात आहे. व्यवस्थापक बाईंनी दोघांच्या भिंती बघितल्या आणि मला बोलावलं. त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस. उन्हाळ्याच्या तोंडाशी काम सुरू होईल.

दुसरं म्हणजे माझी लेक. तुझ्या गल्लीत राहायला गेल्यापासून ती तुझ्यासारखं बोलते. परवा फोनवर म्हणाली, “आई, यावर विचार करायला हवा.” आमच्या घरात कशावरही कधी विचार झालेला नाही. नऊ महिने पोटात मी वागवली आणि शब्द तुझे बोलते. माझ्या पोटात दुखतं ते दुखतं, तुझ्यापासून कशाला लपवू?

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

सुखरूप पोचले. मांडी दोन दिवस ठणकली, तिसऱ्या दिवशी शिडीवर होते.

तुझी प्रयोगशाळा आवडली. एवढी थंडी कशाला ठेवता, ते मात्र कळलं नाही. कुलूप भला माणूस आहे. मी खोदून खोदून विचारलं तरी “बाई, बाहेर हवा छान आहे” एवढंच. मुलगी माझ्यासमोर तुला तीनदा ‘मावशी, तू दमलीस का’ म्हणाली. पिशव्या मी उचलल्या होत्या. मला एकदाही म्हणाली नाही. मी मोजत नव्हते, आपलं कानावर पडलं.

लिफ्ट बंद होती ते बरंच झालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत तुझ्याशी बोलत बोलत गेले आणि वर पोचल्यावर कळलं, मी एकटीच बोलतेय. तू दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबली होतीस म्हणे. धाकटे, तुझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

आणि ते चालायचं यंत्र बघितलं. त्यावर टॉवेल चांगले वाळतात का गं?

चिडू नकोस. पण तुझं घर, तुझी खिडकी, तुझ्या दारावरची पाटी बघून मी परतीच्या बसमध्ये नुसती जळत होते. आपण दोघी एकाच दिवशी शाळेत गेलो होतो. तुझं डोकं चाललं आणि माझे हात चालले, एवढाच काय तो फरक. मग स्वतःशी म्हटलं, असू दे. तिची पाटी, माझा घुमट.

निकाल कधी?

ताई


२४ मार्च

ताई,

निकाल आलाय. खुणा अजून उघडलेल्या नाहीत. कुलूप म्हणतो, सगळ्या जोड्या झाल्याशिवाय उघडणार नाही. पण जोडी कुठली ते नळीवर लिहिलेलं असतं, म्हणून आपल्या जोडीचे आकडे मी पाहिले. एका नळीत उनाड जवळजवळ गप्प आहेत, साठीच्या माणसात दिसू नयेत इतके. दुसरीत बाजार भरलाय. लिपी तीच, पण मधे वीस वर्षांचं अंतर असावं असं वाटतं.

नियमाप्रमाणे मी गप्प बसायला हवं. पण तू माझी बहीण आहेस, आणि तू त्या परांचीवर चढणार आहेस.

मी तुला त्या दिवशी उजेडात नीट पाहिलं. तुझा गुडघा बाहेर वळतो. हातांची कातडी खरवडलेल्या भिंतीसारखी झालीय. चेहऱ्यावर माझ्या दुप्पट सुरकुत्या. आरशासमोर आपण शेजारी उभ्या होतो तेव्हा तुझ्याही लक्षात आलं असेल. शरीर वापरून वापरून झिजतं, त्यात तुझा दोष नाही. परिस्थितीच तशी होती. कुठली नळी कुणाची हे कळायला मला कुलपाची गरज नाही.

म्हणून कळकळीने सांगते, घुमट सोड. त्या माणसाला देऊन टाक, मानेचं काय ते त्याचं तो बघेल. इकडे ये. माझी मागची खोली रिकामीच आहे, लेकही जवळ राहील. मी तुला हळूहळू काय खायचं, किती झोपायचं ते लावून देईन. या वयात तुझी काळजी घ्यायला कुणीतरी हवं, आणि मी अजून ठणठणीत आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस.

धाकटी


४ एप्रिल

धाकटे,

घुमट वाकड्याला दिला.

व्यवस्थापक बाईंना म्हटलं, मांडीचं दुखणं निघालंय. त्या म्हणाल्या, “अहो, परवा तर तुम्ही पाण्याची टाकी खांद्यावर घेऊन गेलात.” मी म्हटलं, आतून आहे, दिसत नाही. वाकड्या आला तेव्हा मला वाटलं नाचेल. नाचला नाही. माझ्या मांडीकडे बघत राहिला, कुणी मेल्यासारखा. ते जास्त लागलं.

तुझ्याकडे येणार नाही. मागची खोली तुलाच राहू दे.

तुला एक सांगायचंय. तुझी पहिली येण्याची सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेत पहिली, नोकरीत पहिली, आईचा निरोप घ्यायलासुद्धा तू पहिली पोचलीस, मी गाडीत होते. मी कधी काही म्हटलं नाही, कारण एक गोष्ट माझी होती. माझं अंग. कुणी उचलू शकत नाही ते मी उचलायची. पाहुणे आले की आई म्हणायची, ही हुशार आणि ही खंबीर. मला ‘खंबीर’ हा शब्द पुरत होता. त्यावर मी आयुष्य काढलं. आणि आता सुई टोचून तू तोही जिंकलास. पोटातसुद्धा वाटणी तूच केली असशील.

जळून जळून राख झाल्यावर माणूस निदान गार तरी होतं. मी गारही होत नाही.

लेकीला यातलं काही सांगू नकोस. तिला मी खंबीरच राहू दे.

ताई


११ मे

धाकटे,

तुझं उत्तर नाही. रागावली असशील किंवा कामात असशील, तुला दोन्ही जमतं.

मला एवढंच विचारायचंय, आणि हे तुलाच विचारता येतं. किती दिवसांनी खुर्चीतून उठता येत नाही? आता मी बसूनच असते. तू म्हणालीस वापरून झिजतं, म्हणून वापरत नाही. भाजी वरच्या मजल्यावर दोरीने ओढून घेते. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. आता मांड्या मऊ लागतात. सकाळी उठताना टेबलाला हात लावावा लागतो. म्हणजे तुझे उनाड कामाला लागले म्हणायचे.

काल सभागृहावरून गेले. दार उघडं होतं. वाकड्याचा निळा रंग दिसला. रोलरच्या रेघा खालून मोजता येतील अशा. मी आत गेले नाही. गेले असते तर काहीतरी बोलले असते.

मोठी शिडी विकायला काढलीय. घरात आडवी येते.

ताई


१९ मे

ताई,

शिडी विकू नकोस. हे पत्र उभ्यानेच वाच आणि आधी जाऊन ती शिडी परत आत घे.

गप्प नळी तुझी आहे. बाजार माझ्यात भरलाय.

कुलपाने एप्रिलच्या मध्यावर खुणा उघडल्या. आम्ही दोघंच होतो. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, “नळ्यांची अदलाबदल झालीय.” तो म्हणाला, “नाही झाली.” मी म्हटलं, “पुन्हा करा.” त्याने पुन्हा केलं. उरलेला कण घेऊन तिसऱ्यांदाही केलं. तेच आलं.

तो म्हणतो, एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. सुई कुठे लागली, कुणाचं नशीब कसं, कशानेही फरक पडतो. इतर जोड्यांतही अंगमेहनतीवाल्यांचे उनाड थोडे शांत दिसतात, पण थोडेच. तुझ्याइतकं कुणाचं नाही. आणि ते शांत आहेत म्हणून तू कधी म्हातारी होणार नाहीस असंही नाही. हे सगळं खरं आहे. मी एखाद्या दोरीला लोंबकळावं तशी या वाक्यांना लोंबकळत राहिले, आणि तुला लिहिलं नाही.

का लिहिलं नाही? वेळ नव्हता म्हणून नाही. मला तुझा हेवा वाटला. कागद बघितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: जी गोष्ट समजून घेण्यात मी माझं आयुष्य घालवलं, ती तू न वाचता जगलीस. मी खुर्चीत बसून उनाड कसे बांधावेत यावर लिहीत होते आणि तू वर चढून भिंती घासत होतीस. मला राग आला. माझा नाही, तुझा. तुझं ‘एक गोष्ट माझी होती’ हे पत्र तेव्हा माझ्या टेबलावर होतं. ते वाचून मी रडले, ताई, आणि तरी त्यावर पुस्तक ठेवून दिलं. तुला वाटत होतं मी जिंकले. तुला आणखी थोडे दिवस तसं वाटू दे, असं मला वाटलं.

काल लेक जेवायला आली होती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, “मावशी, आईने शिडी विकायला काढलीय. आई आणि शिडी नाही? तिला काय झालंय, तुला माहीत आहे ना?” मी म्हटलं, “वय झालं तिचं.” ती म्हणाली, “तुझंही तेवढंच झालंय ना?” ती गेल्यावर तुझ्या पत्रावरचं पुस्तक उचललं.

तू बसून राहिलीस म्हणून मांड्या मऊ झाल्या. त्यात उनाडांचं काही नाही. ते काम माझ्या पत्राने केलं. ऊठ.

धाकटी


३ जून

धाकटे,

उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग तुला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिता येण्यासारख्या नाहीत, कारण त्यात आपली आईही येते.

शिडी वाचली. घेणारा दारात होता. त्याला म्हटलं, शिडी आजारी आहे. तो पुढे काही न विचारताच गेला.

मग चपला घातल्या आणि सरळ सभागृहात. वाकड्या वर होता.

मी खालून ओरडले, “उतर.”

“का?”

“मी चढणार आहे.”

“तुझी मांडी गेली होती ना?”

“परत आली.”

तो इतका हसला की परांची हलली. उतरला, पण डबा काही सोडेना. म्हणाला, “निम्मा झालाय माझा. असा कसा देऊ?” मी वर बघितलं. म्हटलं, “ह्याला झालं म्हणतोस? आकाशाला खरूज झाल्यासारखं दिसतंय.” मग आम्ही मनसोक्त भांडलो. व्यवस्थापक बाई कानावर हात ठेवून बाहेर गेल्या. शेवटी ठरलं, पूर्वेचा निम्मा त्याचा, पश्चिमेचा निम्मा माझा, आणि सोनेरी पट्टी कुणाची ते लोकांनी सांगायचं. खरं सांगू, त्याला बरं वाटलं. मी सोडलेलं काम करण्यात त्याला मजा येत नव्हती. हिसकावून घेतलेलं असतं तर गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी मधल्या पायरीवर मांड्या थरथरल्या. तिथेच दांड्याला मिठी मारून उभी राहिले. तुझी गप्प नळी मला वर ढकलायला येत नव्हती. थांबले, दम घेतला, चढले. चौथ्या दिवशी थरथर थांबली.

आता तुझ्याबद्दल. मार्चमधलं निकालाचं पत्र तू घाईने लिहिलंस, तुला खरंच तसं वाटत होतं. ते सोडून देते. पण धाकटे, ‘मला तुझा हेवा वाटला’ हे वाक्य ऐकायला मी जन्मभर कान लावून बसले होते. आणि ते तुझ्या पोटात होतं, तरी तू मला दिलं नाहीस. महिनाभर दाबून ठेवलंस. मी इकडे दोरीने भाजी ओढत होते आणि तिकडे तू माझ्यावर जळत होतीस. आधी कळवलं असतंस तर मी त्या आनंदातच घुमट एकटीने रंगवला असता! ते काही मी माफ करणार नाही.

अजून जळतेस का? खरं सांग. काम करताना ऐकायला बरं वाटेल.

ताई


२० जुलै

ताई,

हो, जळते.

तुला न सांगता आले होते. लेकीने सांगितलं, घुमटाचा निळा पुरा झाला, लोक बघायला येतात, सोनेरी पट्टी त्यांनी तुला दिली. मी दुपारच्या गाडीने आले. तुला भेटायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. सभागृहात मागच्या रांगेत बसले. तू वर पट्टी ओढत होतीस, पाठीवर झोपून, एक गुडघा उभा. शेजारच्या बाई त्यांच्या यजमानांना म्हणत होत्या, डावीकडचं निळं जास्त खोल दिसतं. डावीकडचं तुझं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता, वाटलाही. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी छातीतून गेलं. तू विचारलंस म्हणून सांगते.

निघाले तर दारावरचा माणूस अंधारात माझ्यासमोर आला आणि दचकला.

“बाई? खाली कधी आलात? आत्ता तर वर होतात.”

मी सांगायला हवं होतं, मी तिची बहीण. तोंडातून आलं, “आले. थकले जरा.”

तो म्हणाला, “तुम्ही? आणि थकलात?” आणि मोठ्याने हसला, मी काहीतरी विनोद केल्यासारखा. मग स्वतः बाजूला होऊन दार उघडून धरलं. इतकी वर्षं लोक माझ्यासाठी दारं उघडतात, पण कुणी असं उघडलं नव्हतं.

बाहेर मोठा जिना आहे, तुला माहीत आहेच. कठड्याला हात लावावासा वाटत होता. पण तो मागून बघत होता आणि मी तू होते. म्हणून हात खिशात घातले आणि ताठ उतरले. रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर वळले. तो दिसेनासा झाल्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. मांड्या पेटल्या होत्या.

त्याने उद्या तुला काही विचारलं तर सांभाळून घे. तुझं नाव मी खाली पडू दिलेलं नाही.

धाकटी